लिव्हर खाली जाताना अडकते की वर येताना? .२२ रायफलमध्ये काडतूस अडकण्याचा छडा

माझ्याकडे .२२ बोअरची लिव्हर अ‍ॅक्शन रायफल आहे, म्हणजे चापाजवळची लिव्हर खाली-वर केली की पुढचं काडतूस भरलं जातं अशी. नळीखाली काडतुसं साठवणारं लांब मॅगझीन, उजवीकडून खोकं, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेलं पितळी कवच, बाहेर पडतं. ती माझ्या आजोबांची. दापोलीजवळच्या गावात ती चाळीसेक वर्षं होती. आबा गेल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला आणि रायफल ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी आली. पहिल्याच हिवाळ्यात नेमबाजीच्या रेंजवर ती अडकायला लागली. साफ केली की दोन वेळा सुरळीत चालायची, तिसऱ्या वेळी पुन्हा तेच. दोन वर्षं हा खेळ चालला. आता बंद झालाय. हे लिहितेय ते अशाच जुन्या लिव्हर अ‍ॅक्शन घरात असलेल्यांसाठी, म्हणजे तुमची दोन वर्षं तरी वाचतील.

कारण शोधण्याआधी अडकलेलं काडतूस सुरक्षित काढायला शिका. हा भाग घाईत वाचू नका. .२२ रिमफायरमध्ये स्फोटक मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत, रिममध्ये गोल पसरलेला असतो. त्या कडेवर कुठेही जोरात ठोसा बसला तर काडतूस उडू शकतं. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या त्याच्या जागेत, पूर्ण बसलेलं नसेल तर त्याचं पितळ उघड्यावर फाटतं आणि तुकडे डोळ्यांकडे येतात. म्हणून अडकलेल्या काडतुसाला स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं नाही आणि लिव्हरवर जोर काढायचा नाही. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर, डोळ्यांवर चष्मा. आधी मॅगझीनची आतली, स्प्रिंग असलेली नळी सोडवून बाहेर ओढा, म्हणजे पुढून येणारा स्प्रिंगचा दाब जातो. हे करताना हात नळीच्या तोंडाच्या कडेने न्या, तोंडासमोरून कधीही नाही. उरलेली काडतुसं पुढून अलगद ओघळू द्या. मग लिव्हर हलक्या हाताने मागेपुढे करा. दहातल्या नऊ वेळा दाब गेला की काडतूस आपोआप सुटतं. नाही सुटलं, तर रेंजवरच्या जबाबदार माणसाला बोलवा आणि रायफल त्याच दिशेला धरून ठेवा.

माझ्या चुका आधी सांगते, कारण बहुतेक जण याच वाटेने जातात. रायफल अडकली की पहिला संशय स्प्रिंगवर जातो. स्प्रिंग जुनी, म्हणजे थकली असणार, काडतूस पुरेसं ढकलत नसणार. मी ती बाहेर काढून हाताने ताणली आणि परत घातली. दोन आठवडे बरं वाटलं, मग अडकणं वाढलंच. ताणलेल्या स्प्रिंगची वेटोळी वेडीवाकडी होतात, नळीच्या आत घासतात आणि दाब कुठे जास्त, कुठे कमी पडतो. स्प्रिंग खरोखर थकली असेल तर बदलायची असते, ताणायची नसते. त्यानंतर मी काडतुसांचा ब्रँड बदलला. थोडा फरक पडला, म्हणून काडतुसंच वाईट होती असं मानून बसले.

छडा लागला तो मुंबईतल्या एका परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे. सत्तरीचे गृहस्थ. रायफल हातात घेण्याआधीच त्यांनी विचारलं, "ताई, लिव्हर खाली जाताना अडकते की वर येताना?"

मी म्हटलं, "काका, अडकते एवढंच माहीत आहे."

"मग आधी तेवढं बघून या. मी तोवर काही उघडणार नाही."

मला राग आला, पण घरी येऊन वही घेतली. पुढच्या तीन वेळा रेंजवर प्रत्येक अडकण्याची नोंद केली: वेळ, कितवं काडतूस, लिव्हर कुठे थांबली, काडतूस नेमकं कुठे दिसलं. नोंदी समोर ठेवल्या तेव्हा कळलं की मी ज्याला एक आजार समजत होते ते दोन होते. सकाळी सात-साडेसातला लिव्हर खाली जाताना मधेच थांबायची. दुपारी तसं होत नव्हतं. लिव्हर वर येताना थांबणं मात्र दिवसभरात कधीही, पंधरा-वीस काडतुसांमागे एकदा. एकाच दिवशी दोन्ही होत असल्यामुळे मी त्यांची गल्लत करत होते आणि एकाचं औषध दुसऱ्याला देत होते.

लिव्हर खाली गेली की बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, मागे सरकतो, एक्स्ट्रॅक्टरचा आकडा रिकामं खोकं चेंबरमधून ओढतो आणि इजेक्टर ते बाहेर फेकतो. कॅरियर नावाची पाळण्यासारखी पट्टी काडतूस घेऊन वर उचलली जाते. मॅगझीनमधून एका वेळी एकच काडतूस या पाळण्यात यायला हवं. बाकीची थोपवायचं काम कट-ऑफचं. लिव्हर वर घेताना बोल्ट पुढे येतो आणि काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. म्हणजे लिव्हर खाली जाताना अडकली तर संशय मॅगझीन, कट-ऑफ आणि कॅरियरवर. वर येताना अडकली तर चेंबरचं तोंड, काडतुसाचा कोन, किंवा मागच्या फेरीतलं खोकं बाहेर पडलंच नाही. एवढा एक प्रश्न निम्मी रायफल संशयातून मोकळी करतो.

सकाळच्या अडकण्यात काडतूस अर्धं मॅगझीनच्या नळीत आणि अर्धं कॅरियरवर दिसायचं. असं काडतूस कॅरियरला वर जाऊच देत नाही, त्यामुळे लिव्हर मधेच घट्ट. काडतूस पूर्ण मागे का येत नाही? कारण त्याला ढकलणारा फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाची छोटी कांडी, हळू चालते. आणि ती सकाळीच हळू का चालते?

आतली पितळी नळी काढून टॉर्च मारला. आत पिवळसर पांढरा, मेणासारखा थर. नखाने खरवडून नाकाशी धरला आणि कळलं. खोबरेल. आबा हयातभर बंदुकीला खोबरेल लावायचे. गावात विळीला, कुलपाला, दाराच्या बिजागरीला तेच, मग बंदुकीला वेगळं कशाला? खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असतं. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे पारा २० च्याही खाली जातो. मॅगझीनमधलं जुनं खोबरेल सकाळी थिजायचं, फॉलोअरला धरून ठेवायचं, आणि ऊन चढलं, नळी हाताने तापली, की पातळ व्हायचं. .२२ च्या शिशाच्या गोळ्यांवर मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो. वर्षानुवर्षं ते मेण आणि बंदुकीची काजळी त्या खोबरेलात कालवली गेली होती. मी आजवर साफ करत होते ती नळी, बोल्ट आणि चेंबर. मॅगझीनच्या आत मी कधी डोकावलेच नव्हते.

हा थर काढणं सोपं आहे, फक्त चिकाटी लागते. जांभळी नाक्यावर रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं, बाटल्या धुवायचा लांब बारीक ब्रश आणला. गॅलरीत, खिडक्या उघड्या ठेवून, आसपास काहीही पेटतं नाही याची खात्री करून. आधी स्प्रिंग आणि फॉलोअर बाहेर. स्प्रिंग टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवली. अर्ध्या तासात टर्पेंटाइन चहासारखं तपकिरी. पितळी नळीत ब्रश फिरवला, मग सुती कापडाचे तुकडे एका काडीवर गुंडाळून ढकलले. पहिला काळा आला, दुसरा तपकिरी, नववा जवळजवळ पांढरा. बाहेरची लोखंडी नळीही तशीच पुसली, तिथे तर गंजाचे लालसर कण निघाले. शेवटी कोरडं कापड. मॅगझीनच्या आत तेल भरायचं नाही. स्प्रिंगवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक पुसट हात फिरवला आणि तोही कापडाने टिपून घेतला. आत ओलं तेल राहिलं की धूळ आणि मेण पुन्हा जमा होणारच.

मग परीक्षा. आतली नळी जोडून फॉलोअर पेन्सिलीने आत दाबा आणि हळूहळू सोडा. तो कुठेही न रेंगाळता परत आला पाहिजे. एकाच जागी दर वेळी थबकत असेल तर तिथे नळीला पोचा आहे. पितळ मऊ असतं, पडलं की लगेच चेपतं, आणि केसाएवढा पोचाही पुरतो. बाहेरच्या नळीत डमी (दारू नसलेलं) काडतूस सोडून बघा, ते स्वतःच्या वजनाने घसरत गेलं पाहिजे. एवढं करून नळी परत बसवताना शेवटची खाच नीट धरली आहे ना हे ओढून पाहा. अर्धवट बसलेली नळी चालताना थोडी पुढे सरकते, स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि अगदी थिजलेल्या खोबरेलासारखंच लक्षण दिसतं.

आता दुसरा आजार, जो मला जास्त शिकवून गेला. लिव्हर वर येताना थांबायची. काडतूस कॅरियरवर चढलेलं, टोक चेंबरच्या तोंडाशी, पण आत जात नाही. मी अशी अडकलेली चार काडतुसं वेगळ्या डबीत ठेवून काकांकडे नेली. त्यांनी भिंग लावलं आणि मला दिलं. "गोळीलाच विचारा ना," म्हणाले. प्रत्येक गोळीवर, एकाच बाजूला, नखाच्या कोरीएवढा चकचकीत ओरखडा होता. शिसं तासलं गेलं होतं. चारही गोळ्यांवर त्याच जागी ओरखडा, म्हणजे चेंबरच्या तोंडावर काहीतरी उभं आहे. त्यांनी बोल्ट काढून चेंबरच्या कडेवर टॉर्च तिरका धरला. वरच्या बाजूला, जिथे काडतुसाला ठोसा देणारी फायरिंग पिन आपटते तिथे, कडेचं पोलाद चेपून आत वळलं होतं. पुढे आलेला एक बारीक कंगोरा.

हे होतं रिकामी बंदूक चालवून. सेंटरफायरमध्ये पिन काडतुसाच्या मध्यावर येते, त्यामुळे चेंबर रिकामं असलं तरी ती हवेत जाते. रिमफायरची पिन कडेवर येते. चेंबर रिकामं असेल तर अनेक जुन्या रायफलींत ती सरळ चेंबरच्या काठावर आदळते. एकदा आदळली तर काही दिसत नाही, शेकडो वेळा आदळली की काठ आत वळतो. आमच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत सगळी चुलत-आत्ये भावंडं ओटीवर बसून रिकामी रायफल चालवायची. आबा स्वतः तपासून हातात द्यायचे, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. ते चटचट आवाज मला अजून आठवतात. प्रत्येक आवाज त्या काठावर पडत होता.

यावर कानस मारायची नाही. तासलेलं पोलाद परत येत नाही. चेंबर त्या जागी रुंद झालं की खोकं गोळी सुटताना तिथे फुगतं किंवा फाटतं. काकांनी एक निमुळती, पॉलिश केलेली कडक सळई चेंबरमध्ये दाबून फिरवली आणि आत वळलेला धातू मूळ जागी बाहेर लोटला. इस्त्री फिरवावी तसं. वीस मिनिटांचं काम. पण ते वीस मिनिटांचं काम तुम्ही किंवा मी करायचं नाही, ओळखीच्या फिटरनेही नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्राची दुरुस्ती ही परवाना लागणाऱ्या कामांत मोडते. साफसफाई आणि निदान आपलं. धातू कापणं, वाकवणं, भाग बदलून बसवणं परवानाधारकाचं. कायदा बाजूला ठेवला तरी मला हे पटतं. चेंबर चुकलं तर त्याची किंमत गालाला आणि डोळ्याला चुकवावी लागते. दुरुस्तीला जाताना रायफल रिकामी, बंद पिशवीत आणि मूळ परवाना सोबत ठेवा.

माझ्या रायफलीला जे नव्हतं, पण मी रेंजवर इतरांच्या हातात पाहिलं, ते थोडक्यात सांगते. सगळ्यात जास्त वेळा दोष यंत्राचा नसतोच, हाताचा असतो. नवा माणूस लिव्हर जपून, निम्मीच ओढतो. कॅरियर पूर्ण वर येत नाही, खोकं धड बाहेर पडत नाही, आणि पुढचं काडतूस त्यावर जाऊन बसतं. लिव्हर टेकेपर्यंत खाली, मग एका दमात वर. आपटायची नाही, पण मधे थांबायचंही नाही. लहान चणीची माणसं आणि मुली रायफल खांद्यावर धरून लिव्हर पूर्ण ओढू शकत नाहीत असं म्हणतात. दस्ता थोडा खाली घेऊन ओढला की सहज जमतं, मी तेच करते.

रिकामं खोकं चेंबरमध्येच राहिलं तर लक्षण काडतूस अडकल्यासारखंच दिसतं, पण दोषी एक्स्ट्रॅक्टर असतो. बऱ्याचदा आकड्याच्या मागे मेण-काजळीची गोळी झालेली असते, लाकडी टूथपिकने निघते. मार्लिन या अमेरिकन कंपनीची ३९ए रायफल वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट: नळी मागून साफ करता यावी म्हणून त्यात इजेक्टर दाबून अडकवून ठेवायची सोय असते. साफसफाईनंतर तो मोकळा करायचा राहिला की खोकी बाहेर पडणं बंद. रायफल बिघडली असं समजून कुणी दुकानात धावण्याआधी तेवढं बघा.

.२२ शॉर्ट आणि .२२ लाँग रायफल अशी दोन्ही काडतुसं चालणाऱ्या रायफलीत भरपूर शॉर्ट मारली की चेंबरमध्ये त्या आखूड खोक्याच्या पुढे काजळीचं कडं जमतं. मग लाँग रायफल तिथपर्यंत जाऊन घट्ट बसते, बोल्ट शेवटच्या दोन मिलिमीटरांत बंद होत नाही. इथेही जोर लावायचा नाही. ब्राँझचा .२२ ब्रश आणि सॉल्व्हंट, चेंबरमध्ये दहा-बारा वेळा फिरवला की कडं सुटतं.

सेंटरफायर लिव्हर अ‍ॅक्शन असेल तर आणखी एक ठिकाण बघायला हवं. मार्लिनच्या ३३६ आणि १८९४ प्रकारांत लिव्हरचा धारदार कोपरा कॅरियरच्या बुडाला वर्षानुवर्षं घासून खाच पाडतो. कॅरियरची वेळ चुकते, पुढचं काडतूस त्याच्या खाली निसटतं आणि सगळं यंत्र असं जाम होतं की लिव्हर ना वर, ना खाली. याला वापरणाऱ्यांमध्ये ‘मार्लिन जॅम’ असंच नाव पडलंय. हे घरी सुटत नाही. आणि नळीच्या मॅगझीनमध्ये टोकदार गोळीची सेंटरफायर काडतुसं कधीही भरू नका. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या मधल्या स्फोटक टोपीवर, टेकतं, धक्का बसला तर मॅगझीनमध्येच स्फोट. म्हणून .३०-३० सारख्या काडतुसांच्या गोळ्या पारंपरिकरीत्या चपट्या टोकाच्या असतात. नरम लवचीक टोकाच्या आणि खास नळीसाठी बनवलेल्या गोळ्या वेगळ्या. त्यांच्या डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता आपल्या हवेबद्दल, कारण हा रोग ठाण्यात पुन्हापुन्हा उलटतो तो इथल्या पावसाळ्यामुळे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तर पोलादाचं काय होणार. आबांची रायफल बनातीच्या जाड पिशवीत असायची. बनात, चामडं, फोम, तिन्ही ओल धरून ठेवतात. मी आता रायफल कुलूपबंद पोलादी कपाटात उभी, पिशवीशिवाय ठेवते, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुसते आणि मॅगझीनची आतली नळी काढून टॉर्च मारते. दोन मिनिटं लागतात. काडतुसं वेगळ्या कुलपात.

निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात ज्यांना शस्त्र जमा करायला सांगितलं जातं, त्यांनी ते परत आणल्यावर लगेच रेंजवर नेऊ नये. कुठेही कित्येक आठवडे न हलता राहिलेल्या बंदुकीत तेल घट्ट होतं, गंज धरतो. आधी रिकामी असल्याची खात्री, मग पूर्ण पुसणं, फॉलोअरची पेन्सिल परीक्षा, आणि डमी काडतुसांनी वीस-पंचवीस फेऱ्या. घरात खरी काडतुसं घालून यंत्र चालवून बघायचं नाही, कितीही खात्री वाटली तरी.

दोन्ही दुरुस्त्यांनंतर मी मुद्दाम जानेवारीची थंड सकाळ निवडली. सात वाजता, स्वेटर घालून, पन्नास काडतुसांचा अख्खा डबा. वही शेजारी. पहिल्या दहात काही नाही. एकतिसाव्याला लिव्हर वर येताना हात थोडा जड लागला, म्हणून थांबून काडतूस बाहेर काढलं आणि भिंगाखाली धरलं. ओरखडा नव्हता. गोळीवरचं मेण एका बाजूला जास्त लागलेलं होतं, एवढंच. उरलेली एकोणीस निघाली. वहीत त्या दिवसासमोर एकच ओळ आहे: ५० पैकी ५०, एकदा मेण. काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. आता पोरांना रिकामी चालवू देऊ नका."